स्टड तुटला तर स्टडच बसवा: हिंगोली जिल्ह्यातल्या दुचाकी मिस्त्रींना खुले पत्र

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतल्या समस्त दुचाकी मिस्त्री मंडळींस,



पत्रास कारण की, माझ्या लेथवर जुन्या मोटारसायकलींची जी हेडं येतात, त्यांतली बरीचशी एकाच दुखण्याची असतात. सायलेन्सरच्या बेंडचा स्टड कधीतरी तुटलेला असतो आणि त्याच्या जागी कुणीतरी बोल्ट मारलेला असतो. बोल्टाने आटे खाल्लेले असतात. मग त्याहून जाड बोल्ट, मग तोही ढिला, मग एम-सील, मग तार, आणि शेवटी गिऱ्हाईक हेड खताच्या पोत्यात गुंडाळून माझ्या दारात उभं. मी गॅरेज चालवत नाही. भोकं पाडायची, आटे पाडायचे, गेलेले आटे परत उभे करायचे, यावर माझं घर चालतं. पण यातली बहुतेक कामं माझ्यापर्यंत यायलाच नको होती, असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

हेडं घेऊन येणारी माणसं कोण, हे तुम्ही चांगलं जाणता. सेनगावकडच्या खेड्यातून पहाटे दुधाच्या कॅना लावून निघणारा गवळी, वसमतला हळदीच्या बिटाला येणारा शेतकरी, औंढ्याच्या माळावरच्या वस्तीशाळेत जाणारे मास्तर, आठवडी बाजाराला घरची माणसं मागे बसवून येणारा मजूर. यांच्याकडे १९८५ साली आलेली हीरो होंडा सीडी १०० असते, १९९४ नंतरची स्प्लेंडर असते, बजाजची बॉक्सर असते. एखाद्याने यामाहाची आरएक्स १०० जिवापाड सांभाळलेली असते, जिचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीच्या, एमएच २२ ची पाटी असलेल्या गाड्या अजून कयाधूच्या पुलावरून ये-जा करतात. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत पाऊण लाखाच्या वर जाते, तेव्हा या माणसांना जुनीच टिकवावी लागते. आणि ती टिकवणारे तुम्हीच आहात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जे इंजिन उघडायलाही नकार दिला, ते तुम्ही झाडाखाली पोतं अंथरून दुपारपर्यंत चालू करून दिलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या हाताबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच या एका कामात तो हात घाई का करतो, हे मला समजत नाही.

उन्हाळ्यात आलेलं एक हेड सांगतो. शंभर सीसीच्या गाडीचं. डावीकडच्या भोकात कंपनीचा सहाचा स्टड, गंजून तांबडा पण आट्यांत घट्ट. उजवीकडे आठचा बोल्ट. कधीतरी तिथला सहाचा स्टड तुटला असणार आणि उरलेला तुकडा काढायला कुणीतरी हातड्रिल लावलं असणार. पोलाद कडक, भोवतीचं ॲल्युमिनियम मऊ. बिट मऊ अंगाला पळालं आणि भोक वाकडं झालं. ते झाकायला भोक मोठं केलं, आठचा टॅप मारला, फ्लँजचं भोकही कानशीने वाढवलं. वरून बोल्ट सरळ दिसत होता, आत तिरपा होता. एका अंगाला भिंत कागदी उरली होती आणि तिथून निघालेली चीर पहिल्या फिनपर्यंत गेली होती. पॅकिंगच्या बैठकीवर काजळीचा काळा पट्टा होता. म्हणजे गाडी बरेच दिवस तिथून फुंकत होती. ते भोक आर्गन वेल्डिंगने भरून घेतलं, तोंड सपाट केलं, पाचच्या बिटने नवं भोक पाडलं आणि सहाचे आटे पाडून स्टड बसवला. मालक दूध घालणारा. दोन दिवस त्याचा धंदा बुडाला. पहिल्याच वेळी स्टडच्या जागी स्टड बसला असता तर पैशाचा आणि दिवसाचा असा खर्च त्याच्यावर आलाच नसता.

आता मूळ मुद्दा. बेंडाच्या जागी बोल्ट नको, स्टड हवा, असं का? तुमच्यातले जाणते उस्ताद हे जाणून आहेत; हाताखालच्या पोरांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बोल्ट दर वेळी काढला-घातला की हेडातल्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवरून घासत जातो. आटे मऊ, बोल्ट कडक, त्यामुळे झीज नेहमी हेडाची. स्टड एकदा बसला की हलत नाही. पुढे जी काढघाल होते ती स्टडच्या बाहेरच्या टोकावर, नटाची. झिजला तर नट झिजतो, फार तर स्टड. दोन्ही बदलता येतात, चहा-नाश्त्याच्या पैशात येतात. हेड तसं येत नाही, आणि जुन्या मॉडेलचं तर शोधूनही सापडत नाही.

दुसरं कारण उष्णतेचं. एका अंशाला ॲल्युमिनियम जितकं वाढतं, त्याच्या साधारण निम्मंच पोलाद वाढतं. आठ मिलिमीटरच्या भोकाचं तापमान दोनशे अंशांनी वाढलं, तर ते भोक आतल्या पोलादापेक्षा सुमारे पावणेदोन शतांश मिलिमीटरने जास्त फुगतं. लेथवर काम करणाऱ्याला हा आकडा मोठा वाटतो, कारण एवढ्या फरकात घट्ट बसलेली वस्तू सैल होते. इंजिन तापलं की पकड कमी, थंड झालं की परत आवळ, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा. त्यात पावसाळ्यात तापलेला बेंड ओढ्याच्या पाण्यात जातो, काळ्या मातीचा चिखल फ्लँजवर बसून वाळतो, ओल आट्यांत उतरते. पोलाद, ॲल्युमिनियम आणि ओलावा एकत्र आले की दोन धातूंमध्ये गंजाचा पांढरा भुगा तयार होतो आणि बोल्ट आत चिकटतो. पुढच्या वेळी तो निघतो तेव्हा ॲल्युमिनियमचे आटे अंगावर घेऊनच निघतो. आट्यांना पेस्ट लावून पुरेसा खोल बसवलेला स्टड हे सगळं सोसतो, कारण त्याला कुणी फिरवत नाही.

तिसरं कारण तुम्ही रोज अनुभवता. बोल्ट असेल तर एका हाताने बेंड धरायचा, पॅकिंगची रिंग पडू द्यायची नाही, फ्लँज वर ओढायची आणि दुसऱ्या हाताने न दिसणाऱ्या भोकात बोल्ट धरवायचा. पहिलाच आटा तिरपा चढतो तो इथेच. आणि तिरपा चढलेला बोल्ट टी-पान्याने दाबला की तो आपले नवे आटे कापत आत जातो. स्टड असेल तर रिंग बैठकीत, बेंड त्यावर, फ्लँज स्टडवर सरकवली की ती तिथेच राहते. दोन्ही हात मोकळे, नट बोटांनी लावायचे. एकट्या माणसाचं काम होतं.

बोल्टाच्या लांबीचं दुखणं तर वेगळंच. लांब झाला तर भोकाच्या तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण फ्लँज दाबलेलीच नसते. मिस्त्री म्हणतो कसून दिलं, आणि संध्याकाळी गाडी फटफट करत परत येते. आखूड झाला तर तीन-चार आट्यांवर सगळा भार. ॲल्युमिनियममध्ये जाडीच्या किमान दीडपट आटे धरले पाहिजेत: सहाच्या स्टडला नऊ मिलिमीटर, आठच्याला बारा. भोकात बारीक काडी घालून खोली मोजायला क्षणभर लागतो. बोल्ट हाताला लागेल तो डब्यातून उचलला जातो, म्हणून ही मोजणी होतच नाही.

तुमच्यापैकी काहींनी मला उलट सांगितलं आहे की, स्टडही जाम होतो, नटासोबत फिरून बाहेर येतो, मग फायदा काय? प्रश्न रास्त आहे. याला उपाय नटाचा आहे. पितळी नट वापरा. पितळ पोलादाच्या स्टडवर गंजून चिकटत नाही, आणि वेळ आलीच तर नट मोडतो, स्टड वाचतो. पितळी नट नसेल तर निदान स्टडच्या दोन्ही टोकांना तांब्याची किंवा ग्राफाइटची पेस्ट लावा. साधं ग्रीस तिथे जळून कोळसा होतं. नट लॉक करायचं रसायनही त्या उष्णतेत टिकत नाही. स्टेनलेसचा स्टड चमकतो म्हणून हल्ली पोरं मागतात. त्यावर स्टेनलेसचाच नट लावला तर तो तापून असा चिकटतो की करवत लावावी लागते. आणि हार्डवेअरच्या दुकानातला सलग आट्यांचा रॉड कापून स्टड करू नका. तो मऊ पोलादाचा असतो, ताणला जातो, मानेत बारीक होतो आणि पुढच्या वेळी तुटतो. ८.८ ग्रेडचा स्टड मागून घ्या.

ज्या जुन्या मॉडेलांना कंपनीतूनच बोल्ट आले होते, त्यांचे बोल्ट एकदा काढलेत की तिथेही स्टड करून टाका, असं माझं सांगणं आहे. अपवाद एवढाच: काही गाड्यांत फ्रेम किंवा पुढचं मडगार्ड इतकं जवळ असतं की स्टड बाहेर आलेला असला तर बेंड सरकवून काढताच येत नाही. तिथे बोल्ट राहू द्या, पण आट्यांना पेस्ट लावा आणि लांबी मोजा.

तुटलेला तुकडा काढण्याबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे, आणि ती मी थोड्या तळमळीने करतो. इझी-आउट वापरू नका. सहाच्या स्टडमध्ये पडणाऱ्या भोकात बसणारं इझी-आउट काडीएवढं बारीक असतं. गंजलेला तुकडा हलत नाही आणि इझी-आउट आत तुटतं. ते इतकं कडक असतं की साधं बिट त्याला ओरखडाही काढत नाही. मग जे काम तासाभराचं होतं ते दिवसाचं होतं. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी हेड गरम करा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, तेव्हा तापल्यावर पकड सुटते, ही उष्णता इथे आपल्या बाजूची. फक्त गॅसची ज्योत एका जागी धरू नका. लोखंड लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडाचं मिश्रण त्याच्याही आधी. तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालचा नट फिरवा. पृष्ठभागाशी तुटला असेल तर वर एक नट धरून आतून वेल्डिंगचा टाका भरा. वेल्डिंगची उष्णता थेट तुकड्यात जाते आणि बहुतेक वेळा तुकडा नटासकट फिरून येतो. हे काहीच जमलं नाही तर थांबा. हातड्रिल उचलू नका. सेंटर पंचची खूण बरोबर मधोमध करून, हेड मशीनवर घट्ट बांधूनच तिथे ड्रिल चालतं.

आटे गेलेच असतील तर जाड बोल्ट हा उपाय नाही. तारेचं इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल, बसवा. त्याचा संच एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. त्याने पोलादी आटे मिळतात आणि मूळ मापाचा स्टड परत बसतो. संच नसेल तर हेड लेथवर पाठवा, पण भोकाचं तोंड मोठं करून नव्हे.

बसवायची रीत लिहून ठेवतो. दोन नट एकमेकांवर आवळून स्टड आत फिरवायचा, तळाला दाबून कसायचा नाही. तळाला जोराने टेकवलेला स्टड हेड तडकवतो. पॅकिंगची रिंग प्रत्येक वेळी नवी. मग दोन्ही नट बोटांनी, सायलेन्सरचा मागचा बोल्ट हलका, आणि त्यानंतर पुढचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे. शेवटी मागचा. सहाच्या नटाला सर्वसाधारणपणे १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर दहा किलोचा जोर. आठच्याला साधारण दुप्पट. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टी-पान्यावर दोन्ही हातांनी लटकणं म्हणजे स्टड मोडण्याची तयारी. गाडी दोन-तीनदा तापून थंड झाली की एकदा परत पाना लावून पाहा.

आणखी एक गोष्ट मला हेडांवरूनच कळते. स्टड पुन्हा पुन्हा त्याच जागी तुटत असेल तर दोष पुढे नसतो, मागे असतो. सायलेन्सरचा मागचा पट्टा मोडलेला असतो, नाहीतर बोल्ट गळून पडलेला असतो आणि सायलेन्सर तारेने बांधलेला असतो. खेड्याच्या रस्त्यावर तो सगळा लोंबता भार प्रत्येक खड्ड्यात त्या दोन सहाच्या स्टडांना हिसका देतो. पट्टा आधी वेल्ड करा, मग पुढचं बघा. नुसता स्टड बदलून गिऱ्हाइकाला पाठवणं म्हणजे त्याला पुन्हा बोलावणं.

आणि गिऱ्हाइकाला सांगा. बोल्ट मारला असेल तर मारला म्हणून सांगा. फ्लँजजवळ काजळी दिसली, पहिल्या गिअरला फटफट वाढली, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये बार होऊ लागले, तर लगेच या, हे सांगायला पैसे पडत नाहीत. न सांगितल्याने तो महिनोन्‌महिने तशीच गाडी चालवतो आणि फुंकणारा गरम धूर बैठक खात राहतो.

स्पेअर पार्टवाल्या दुकानदारांनाही याच पत्रातून विनंती करतो. मिस्त्री बोल्ट मारतो, कारण तुमच्या काउंटरवर स्टड मिळत नाही. चार दिवसांनी नांदेडहून मागवू, असं उत्तर मिळतं आणि गिऱ्हाईक तर दुपारी गाडी मागतं. सहाचे आणि आठचे स्टड, पितळी नट, बेंडाच्या रिंगा आणि हेलिकॉइलचे इन्सर्ट हा माल डब्यात मावतो. एवढा ठेवा. कंपन्यांना सांगणं एवढंच की, जुन्या इंजिनांचे स्टड सुटे मिळत राहू द्या आणि आवळण्याचे आकडे मराठीत छापा. गिऱ्हाइकांनीही मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून घाई करू नये. रात्रभर तेल सोडून ठेवायचं म्हणाला तर गाडी ठेवून जा. त्या वेळेची मजुरी द्या, कारण तोच वेळ तुमचं हेड वाचवतो.

आयटीआयच्या निदेशकांशी थोडं बोलायचं आहे. तुमच्याकडून येणारी पोरं हुशार असतात, इंजिनाचे चार स्ट्रोक फळ्यावर काढून दाखवतात. पण तुटलेला स्टड हातात दिला की इझी-आउट शोधतात. भंगारातली हेडं आणून त्यांत मुद्दाम स्टड तोडा आणि प्रत्येकाला तो काढायला लावा. टॉर्क पाना प्रत्येकाच्या हातात देऊन सहाचा नट आवळायला लावा, म्हणजे १० न्यूटन-मीटर मनगटाला कसं लागतं ते कळेल. आपल्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याजवळ, लायगोची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील आणि अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल ती मोजेल. अशा ठिकाणी नट किती जोराने आवळायचा हे अंदाजाने ठरत नाही. तिथे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना काम मिळावं असं मला फार वाटतं, आणि त्याचा पहिला धडा सहाच्या स्टडवर गिरवता येतो.

मिस्त्री मंडळी, दर खंडेनवमीला तुम्ही पाने धुऊन-पुसून मांडता, हळदकुंकू वाहता, हार घालता. या खंडेनवमीला त्या पाटावर एक टॉर्क पाना आणि हेलिकॉइलचा एक संच नवा ठेवा, ही माझी मागणी आहे. ज्याला एकट्याला परवडत नसेल त्याने शेजारच्या दोघा-तिघा गॅरेजवाल्यांत मिळून घ्यावा.

ज्याला स्टड काढायची, बसवायची रीत प्रत्यक्ष पाहायची आहे, त्याने कधीही माझ्या लेथवर यावं, हाताखालच्या पोरालाही घेऊन यावं. मी काम थांबवून दाखवीन. आणि पुढच्या वेळी स्टड तुटलेली गाडी आली व तुकडा निघत नाही असं वाटलं, तर हेड उतरवून आहे तसं पाठवा. आत इझी-आउट नको, भोक वाढवलेलं नको, बोल्ट मारलेला नको. नुसता तुटलेला स्टड असेल तर त्याच दिवशी करून देतो.



आपला,
वसमत तालुक्यातला एक लेथवाला